एकच शब्द, नामही आणि क्रियापदही

इंग्रजीत ‘वॉटर’ म्हणजे पाणी, आणि झाडांना पाणी घालणे हेही ‘वॉटर’च. साधारण इ. स. ११००पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद प्रत्ययांवरून ओळखू येत: ‘लुवू’ म्हणजे प्रेम, ‘लुवियन’ म्हणजे प्रेम करणे. पुढे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचे ‘लव्ह’ झाले. आता शब्दाची जात बहुधा वाक्यातल्या जागेवरून ठरते: ‘द’च्या मागोमाग आला तर नाम, ‘कॅन’ किंवा ‘विल’नंतर आला तर क्रियापद.

काही शब्दांत उच्चारही बदलतो. ‘परमिट’मध्ये ‘पर’वर जोर दिला तर परवाना, ‘मिट’वर दिला तर परवानगी देणे. ‘हाऊस’ घर असते तेव्हा शेवटी ‘स’ ऐकू येतो. कुणाला निवारा देणे या अर्थाने वापरले की ‘झ’.