मोटारीतील एलईडी दिवा का मिणमिणतो?

गाडी अंगणात लावली, दारे बंद झाली, किल्ली खुंटीला टांगली. तरीही छतातील दिवा अंधारात काजव्यासारखा मिणमिणत राहतो. जुना पिवळा बल्ब काढून त्याजागी बाजारातील पांढरा एलईडी दिवा बसविणाऱ्या अनेक वाहनधारकांना हा अनुभव येतो. कोणाचा दिवा लुकलुकतो, कोणाचा महिनाभरात काळा पडतो, तर कोणाच्या गाडीतील रेडिओ खरखरू लागतो. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी हा बदल रस्त्याकडेच्या दुकानात पाच मिनिटांत उरकता येतो. पुढे काही बिघडले की दोष दिव्याच्या माथी मारून दुसरा दिवा लावला जातो, आणि तोही तसाच वागतो. पुष्कळदा खोट दिव्यात नसतेच. ती गाडीच्या वायरिंगमध्ये आधीपासून असते. जुना बल्ब ती झाकून ठेवत असतो.

छतातील साधा बल्ब बहुधा ५ वॅटचा असतो. बारा व्होल्टवर तो सुमारे ०.४ अँपिअर वीज घेतो. थंड असताना त्याच्या तारेचा रोध अगदी कमी, अवघा तीन-चार ओहमच्या घरात असतो. त्यामुळे कोठून तरी दोन-चार मिलिअँपिअरची गळती होत असली तरी ती तारेतून निमूटपणे निघून जाते. तार तापत नाही आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. एलईडीची गोष्ट वेगळी. त्याला उजळण्यासाठी तापावे लागत नाही, आणि एक-दोन मिलिअँपिअरही त्याला मंद प्रकाश द्यायला पुरतात. बल्बने वर्षानुवर्षे पोटात घातलेली गळती एलईडी चव्हाट्यावर आणतो, ती अशी.

ही गळती येते कोठून? बऱ्याच गाड्यांत छतातील दिव्याला बॅटरीची धन बाजू कायम जोडलेली असते. दार उघडले की चौकटीतील छोटे बटण बाहेर येते आणि दिव्याची ऋण बाजू गाडीच्या पत्र्याला, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'बॉडी अर्थ'ला मिळते. दार मिटले की बटण दाबले जाऊन हा मार्ग तुटतो. तो पूर्ण तुटावा अशी अपेक्षा. परंतु बटणाचे रबरी टोपण फाटलेले असेल, आत गंज असेल, तर ओलसर धूळच वीजवाहक बनते. कळमनुरीच्या परिसरातील काळी माती पावसाळ्यात चाकाला, पायदानाला आणि दाराच्या चौकटीला कशी चिकटून बसते, हे तेथील शेतकऱ्याला सांगायला नको. जूनपर्यंत शहाण्यासारखा वागणारा दिवा ऑगस्टमध्ये मिणमिणू लागला, तर संशयाची सुई प्रथम याच बटणाकडे वळवावी.

तपासणी सोपी आहे. अंधारात गाडीची सर्व दारे लावून एकेका बटणाचा स्क्रू काढावा आणि त्याची वायर अलग करावी. ज्या दाराची वायर सुटताच दिवा पूर्ण विझेल, ते दार गुन्हेगार. बटण कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करावे किंवा बदलावे. नवा दिवा आणण्याचे कारण नाही. मात्र सुटलेली वायर आत घसरू देऊ नये. चौकटीच्या पोकळीत गेलेली वायर पुन्हा शोधताना भल्याभल्यांची दमछाक होते.

नव्या गाड्यांत असे बटण दिसत नाही. दाराच्या कुलपातच संवेदक असतो आणि दिव्याचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटी पाहते. या पेटीतून दिवा बंद असतानाही किंचित प्रवाह झिरपू शकतो. काही गाड्या बल्ब शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी मधूनमधून विजेचा सूक्ष्म ठोका पाठवितात, त्याने एलईडी ठराविक अंतराने लुकलुकतो. दार लावल्यावर दिवा हळूहळू मावळावा, यासाठीची वीजही तुटक-तुटक पाठविली जाते. बल्ब ती सौम्य करतो, एलईडी थरथरून दाखवितो. यांपैकी काहीही बिघाड नव्हे. मिणमिणणे थांबवायचे असेल तर दिव्याला समांतर १,००० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रोधक जोडला की गळतीचा प्रवाह त्यातून निघून जातो. या कामासाठी ५० ओहमचा मोठा रोधक देण्याची काही ठिकाणी पद्धत आहे, ती टाळावी. इंजिन सुरू असताना त्यात चार वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते आणि छताचे कापड व प्लॅस्टिक त्याच्या शेजारीच असते.

दिवा मुळीच लागला नाही, तर तो काढून उलटा बसवून पाहावा. बल्बला धन-ऋण कळत नाही, बहुतेक एलईडींना कळते.

दिवे लवकर जळतात, त्यामागे मात्र साधे गणित आहे. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी, त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप. (निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) अशा एका एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. स्वस्त दिव्यात तीन एलईडी एका माळेत आणि सोबत एक रोधक असतो. माळेला ९.६ व्होल्ट गेले की बारा व्होल्टपैकी २.४ व्होल्ट रोधकाच्या वाट्याला येतात. पण इंजिन सुरू होताच अल्टरनेटरमुळे दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि रोधकावरील दाब ४.८ व्होल्ट, म्हणजे दुप्पट होतो. प्रवाहही जवळजवळ दुप्पट. दुकानातील बॅटरीवर झळकणारा दिवा रस्त्यावर का दगावतो, याचे उत्तर येथे आहे. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. पारा चाळिशीपार गेला की उन्हात उभ्या गाडीचे छत हात लावू देत नाही, आणि दिवा त्या छतालाच बिलगून असतो. स्थिर प्रवाह देणारे सर्किट असलेला आणि व्होल्टेजची कक्षा छापलेला दिवा थोडा महाग पडतो, पण दरवर्षी तीन बदलण्यापेक्षा स्वस्तच. मालवाहू ट्रकची विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते. मोटारीचा दिवा तेथे बसवू नये.

दिवा बसविताच फ्यूज उडाला, तर एलईडीच्या पाठीवरील धातूची पट्टी होल्डरच्या दोन्ही क्लिपांना किंवा छताच्या पत्र्याला टेकली असण्याची शक्यता मोठी. लांबीही मोजून घ्यावी. ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटरचे दिवे दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा दामटला की क्लिप वाकते आणि खड्ड्यागणिक दिवा जातो-येतो. अनेक गाड्यांत याच फ्यूजवर रेडिओची स्मृती आणि घड्याळही असते, त्यामुळे दिव्याबरोबर घड्याळाचेही बारा वाजतात. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा चंदेरी कागदाची सुरळी करून बसविणे म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज वायरला वाचविण्यासाठी असतो. तो न वितळल्यास त्याऐवजी वायर वितळते.

डॅशबोर्डखाली रंगीत पट्ट्या लावण्याची हौसही वाढली आहे. पट्टीतील तीनच एलईडी विझले असतील, तर तेवढा तुकडा निकामी झाला आहे. एका जागेपासून पुढची सारी पट्टी अंधारली असेल, तर तेथील जोड तुटला आहे. पण पट्टीची खरी डोकेदुखी ती वीज कोठून घेते, ही असते. कायम चालू असलेल्या वायरवर ती जोडली आणि बंद करायची राहिली, तर ०.३ अँपिअर घेणारी पट्टी तीन दिवसांत २१ अँपिअर-तासांहून अधिक वीज खाते. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. नांदेड स्थानकाबाहेर गाडी ठेवून तीन-चार दिवस मुंबईला जाऊन आलेल्या माणसापुढे मध्यरात्री ढकलगाडीचा प्रसंग उभा राहतो, तो असा. पट्टी इग्निशनसोबत बंद होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप वापरून, स्वतंत्र दोन-तीन अँपिअरच्या फ्यूजसह जोडावी.

आणि वायर सोलून दुसरीला पीळ मारण्यापूर्वी ती कशाची आहे, हे ओळखावे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. अनेक गाड्यांत पडदा-एअरबॅग समोरच्या काचेलगतच्या खांबापासून छताच्या कडेने मागे जाते. छतातील दिव्याची वायरही नेमकी तेथूनच न्यायचा मोह होतो. एअरबॅगची वायर साधारणपणे पिवळ्या आवरणात किंवा पिवळ्या कनेक्टरमध्ये असते. तिला टेस्ट लॅम्प लावणेही धोक्याचे. अनवधानाने एअरबॅग फुटू शकते, किंवा अपघाताच्या क्षणी ती उघडतच नाही. डॅशबोर्डवर एअरबॅगचा इशारा उजळला असेल, तर तेथेच थांबून अधिकृत सेवा केंद्र गाठावे, मग ते हिंगोलीला असो वा नांदेडला.

जुना बल्ब फेकू नये. एलईडीने नखरे सुरू केले की तो परत लावून पाहावा. बल्बही मंद वा अनियमित जळत असेल, तर होल्डर, फ्यूज किंवा अर्थिंग तपासावे. तो नीट जळत असेल, तर गळती अथवा दिवा. येथे मल्टिमीटरवर फार विसंबू नये, कारण खराब जोडातूनही तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवितो, तर बल्ब भार टाकून खरे बोलवितो.

रेडिओच्या खरखरीचा निवाडाही असाच. आकाशवाणीचे नांदेड केंद्र लावावे आणि दिवा पेटवून-विझवून ऐकावे. दिवा पेटताच खरखर सुरू होत असेल, तर दोष त्यातील स्वस्त सर्किटचा आहे. तेथे कोणतीही वायर बदलून उपयोग नाही, दिवाच बदलावा लागतो.