विश्लेषण : क्रूझच्या तिकिटात जेवण ‘फुकट’ असते का? जहाजावर काय मिळते आणि कशाचे वेगळे पैसे?

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांना बोटीचा प्रवास नवा नाही. कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या कित्येकांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती भाऊच्या धक्क्यावरून. त्याच किनाऱ्यावर, सीएसएमटीपासून टॅक्सीने काही मिनिटांवर असलेल्या बॅलार्ड पियरवरून आता वेगळ्या प्रकारची बोट सुटते. तिच्यावर थिएटर, तरणतलाव, फूड कोर्ट, कॅसिनो असे सगळे असते. दोन-तीन रात्रींच्या सहलीसाठी अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे तिचा विचार करू लागली आहेत. ‘सगळे तिकिटात’ या जाहिरातीचा नेमका अर्थ काय आणि बिल कुठे वाढते, हे बुकिंगआधी समजून घेतलेले बरे.

मुंबईतून कोणती क्रूझ सुटते?

सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ या कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईतून फेऱ्या करते. सुरुवातीला ‘आयआरसीटीसी’ने या सहलींच्या विक्रीसाठी कंपनीशी करार केला होता. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी असतात. शनिवार-रविवार धरून खोल समुद्रात जाऊन परत येणारी छोटी सफरही असते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असल्याने हे जहाज याआधी चेन्नईकडे हलवण्यात आले आहे.

जहाज नवे नाही. फ्रान्समधील सँ नाझेर येथे बांधलेले हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने ‘रॉयल कॅरिबियन’ कंपनीच्या ताफ्यात आले. लांबी सुमारे २११ मीटर, ११ डेक आणि जवळपास ८०० खोल्या. एका खोलीत दोघे या हिशेबाने सुमारे १,६०० प्रवासी मावतात. एका खोलीत तिघे-चौघे राहिले की संख्या आणखी वाढते.

बॅलार्ड पियरवरील नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. सुमारे ४ लाख १५ हजार चौरस फुटांच्या या इमारतीची क्षमता वर्षाला १० लाख प्रवाशांची आहे. चेक-इन व इमिग्रेशनसाठी तेथे ७२ काउंटर आहेत.

तिकिटात काय येते, काय येत नाही?

क्रूझचे तिकीट हे प्रत्यक्षात हॉटेलच्या खोलीचे भाडे असते. खोली, मुख्य रेस्तराँ आणि बुफेतील जेवण, थिएटरमधील कार्यक्रम, तरणतलाव, जिम आणि मुलांचा खेळ विभाग हे साधारणपणे त्यात धरलेले असते. मद्य, स्पा, वायफाय, कॅसिनो आणि बंदरावर उतरून केलेल्या सहली यांचे पैसे वेगळे लागतात. ‘एम्प्रेस’वर ‘स्टारलाइट’ हे मुख्य रेस्तराँ आणि फूड कोर्ट तिकिटात आहेत. ‘चॉपस्टिक्स’सारख्या खास रेस्तराँमध्ये मात्र स्वतंत्र बिल होते.

खोलीचा दर तिच्या जागेवर ठरतो. सर्वात स्वस्त खोली जहाजाच्या आतल्या भागात, खिडकीविना असते. त्यावर समुद्र दिसणारी खोली, मग बाल्कनी आणि शेवटी सूट. जेवणाचे टेबल आणि थिएटर सर्वांना तेच. त्यामुळे फक्त झोपायलाच खोलीत जाणाऱ्या कुटुंबाला आतली खोली घेऊनही फारसे काही चुकत नाही.

जेवणाची पद्धत कशी असते?

जहाजावरचे जेवण दोन प्रकारे मिळते. एक बुफे : सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा-फराळ आणि रात्रीचे जेवण, हवे तेवढे. दुसरे मुख्य रेस्तराँ : टेबलावर बसून, वाढप्याकडून. सगळ्यांना एकाच वेळी बसवता येत नाही म्हणून अनेक जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असतील, तर पहिली पंगत मागून घ्यावी. रात्रीच्या कार्यक्रमांच्या वेळाही पंगतींशी जुळवलेल्या असतात.

भारतीय प्रवाशांसाठीचा मोठा फरक ताटात दिसतो. परदेशी जहाजांवर शाकाहारी माणसाला पास्ता आणि सॅलडवर दिवस काढावे लागण्याची तक्रार जुनी आहे. मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय असते. जैन, मधुमेही किंवा अ‍ॅलर्जीची गरज बुकिंग करतानाच नोंदवावी. जहाज बंदरातून निघाले की कोठारात नसलेली वस्तू बाजारातून आणता येत नाही.

हजारो लोकांचा स्वयंपाक समुद्रात होतो कसा?

सारे गणित बंदरात थांबण्याच्या काही तासांत बसवलेले असते. आधीचे प्रवासी सकाळी उतरतात आणि नवे दुपारी चढतात. मधल्या वेळात धान्य, भाजी, दूध, मांस-मासळी चढवायची, खोल्या साफ करायच्या आणि कचरा उतरवायचा. प्रवासी किती, त्यात शाकाहारी किती, सफर किती रात्रींची, यावरून माल ठरतो. कमी पडून चालत नाही आणि उरले तर नुकसान.

जहाजावरच्या स्वयंपाकघराला ‘गॅली’ म्हणतात. समुद्रात आग हा सर्वात मोठा धोका असल्याने तेथे उघड्या ज्योतीऐवजी प्रामुख्याने विजेवर स्वयंपाक होतो. जहाज डोलत असताना भांडी सरकू नयेत म्हणून शेगड्यांना कठडे असतात. गरम पदार्थ, थंड पदार्थ, मांस कापणे आणि बेकरी यांचे विभाग वेगळे असतात. मोठ्या जहाजांवर समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रणाही असते.

उरलेल्या अन्नाचेही नियम आहेत. सागरी प्रदूषण रोखण्याच्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार साधारणपणे बारीक केलेले अन्न किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैलांपलीकडे आणि न दळलेले १२ सागरी मैलांपलीकडेच टाकता येते. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास पूर्ण बंदी आहे.

करमणुकीत काय असते? जगातल्या मोठ्या जहाजांशी तुलना होईल?

‘एम्प्रेस’वर ‘मार्की थिएटर’ आहे. तेथे हिंदी चित्रपटगीतांवरचे नृत्याचे कार्यक्रम आणि जादूचे प्रयोग होतात. तरणतलाव, चढाईची भिंत, डीजे, मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि वेगवेगळे बार आहेत.

जागतिक स्पर्धा मात्र फार पुढे गेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. त्यावर २० डेक, सात तरणतलाव, सहा जलघसरगुंड्या, खाण्यापिण्याची ४० हून अधिक ठिकाणे आणि सुमारे २,३५० कर्मचारी आहेत. कमाल प्रवासी क्षमता ७,६०० च्या आसपास. जहाजाचा आकार ‘ग्रॉस टनेज’मध्ये मोजतात. हे वजन नसून आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे. ‘आयकॉन’चे टनेज सुमारे २ लाख ४८ हजार, तर ‘एम्प्रेस’चे सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार, म्हणजे पाचपटीचा फरक. समाजमाध्यमांवर फिरणारे जलघसरगुंड्यांचे व्हिडीओ बहुधा अशाच जहाजांचे असतात. ते पाहून मुंबईतील सफर ठरवली, तर निराशा होण्याची शक्यता अधिक.

जेवण ‘फुकट’ देऊन कंपनीला परवडते कसे?

जहाज निघाले की इंधन, कर्मचारी आणि बंदर शुल्क हा खर्च प्रवासी कमी असोत वा जास्त, होतोच. रिकामी खोली म्हणजे बुडालेले उत्पन्न. म्हणून तिकीट आकर्षक ठेवून आधी जहाज भरायचे आणि बाकीची कमाई जहाजावर करायची, अशी या व्यवसायाची रीत आहे. ‘रॉयल कॅरिबियन’ समूहाला २०२३ मध्ये सुमारे १३.९ अब्ज डॉलर उत्पन्न मिळाले. त्यातले जवळपास ४.३ अब्ज तिकिटांखेरीज, म्हणजे मुख्यतः जहाजावरील खर्चातून आले. साधारण तीन रुपयांतला एक रुपया.

हा खर्च होतो तो खोलीच्या चावीचे काम करणाऱ्या कार्डावर. रोख पैसे हातातून जात नसल्याने हिशेब राहत नाही आणि खरा आकडा उतरताना कळतो. मुलांच्या हाती कार्ड देताना त्यावर खर्चाची मर्यादा घालता येते का, हे चढतानाच विचारावे.

कॅसिनो आणि मद्याला परवानगी कशी?

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा प्रत्यक्षात कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर असते. जहाज ती ओलांडून गेल्यावरच कॅसिनो सुरू होतो आणि बंदरात तो बंद राहतो. मद्यावरचा कर जहाज देशांतर्गत फेरीवर आहे की परदेशी, यावर अवलंबून असतो. जहाजावर दारू स्वस्त असते, हा समज देशांतर्गत सफरीला लागू होईलच असे नाही.

याआधीचे प्रयत्न का टिकले नाहीत?

कोकणच्या बोटी ही गरज होती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन आणि नंतर चौगुले कंपनीच्या बोटींतून चाकरमानी डेकवर वळकटी पसरून, घरची भाकरी खात गावी जात. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. गिरगाव-परळच्या अनेक घरांत ती आठवण पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. एसटी आणि महामार्गाच्या स्पर्धेत ही वाहतूक आटली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तिची गरजच उरली नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. १०४ खोल्यांच्या या बोटीवर रेस्तराँ, बार, तरणतलाव होते. २०२० मध्ये करोनाने ती थांबवली. लहान जहाजाला पावसाळ्यातले बंद महिने आणि मोठा स्थिर खर्च पेलणे कठीण जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून जाहीर झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’ने २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर एका जहाजावर भागणार नाही.

येथील तरुणांना काम मिळेल का?

जहाजावर वाढणारे आणि रांधणारे हात मुंबईला परके नाहीत. धोबीतलावच्या जेर महालातील गोवेकरांच्या ‘कुडां’मध्ये पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, आचारी आणि स्ट्युअर्ड बोटीची वाट पाहत राहिले. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासून या क्षेत्रासाठी माणसे घडवते आहे.

यासाठी पासपोर्ट, सुरक्षेचे ‘एसटीसीडब्ल्यू’ अभ्यासक्रम आणि सामान्यतः ‘सीडीसी’ हे खलाशाचे नोंदपुस्तक लागते. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि साप्ताहिक सुट्टी मिळेलच असे नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिवसाला किमान दहा तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती बंधनकारक आहे. भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा ‘आरपीएसएल’ परवाना हवा. उमेदवाराकडून नोकरीसाठी शुल्क घेण्यास मनाई आहे. पैसे मागणारा एजंट दिसला, की तेथेच थांबावे.

बुकिंगआधी काय तपासावे?

जाहिरातीतील दर प्रतिव्यक्ती आहे की प्रतिखोली; त्यात बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी आहे का; तिसऱ्या व्यक्तीचा आणि मुलांचा दर किती; सफर रद्द केल्यास किती परत मिळते; हवामानामुळे मार्ग बदलल्यास काय होते, हे लेखी घ्यावे. गोव्यात जहाज मुरगावला लागते, त्यामुळे पणजी किंवा किनारे पाहायचे तर येण्या-जाण्याचा वेळ हातच्या तासांतून वजा करावा लागतो. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून औषध सोबत ठेवावे आणि जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची खोली मागावी. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच होणारी सुरक्षा कवायत सर्वांना सक्तीची असते. बुफे उघडा असला, तरी आधी तिथे जावे.