काचेवरचा लबाड फराटा

दोस्ता, पावसाळ्यात गाडीत बसल्यावर एकदा समोरच्या काचेकडे नीट बघ. वायपर डावीकडे जातो, उजवीकडे येतो. खर्रर्र, खर्रर्र! पाणी पुसलं जातं आणि काच लख्ख होते?

छे! वायपरच्या मागोमाग पांढुरके, वाकडे फराटे उमटतात. दोन क्षणांत विरतात. पुन्हा वायपर, पुन्हा फराटे! त्यात रात्र असली आणि समोरून दिवे लावलेली गाडी आली, की विचारूच नकोस. सगळी काच चमचमते आणि रस्ताच दिसेनासा होतो.

मग घरचं कुणीतरी फडकं घेऊन काच घासतं. चांगलं जोर लावून घासतं! फराटा इथून उठतो आणि तिथे जाऊन बसतो. पाणी मारलं, पुन्हा पुसलं, तरी हा आहेच!

एवढा हट्टी आहे तरी कोण हा? चल, पकडूच त्याला!

चोर सापडला!

तुला वाटेल, धूळ असेल. पण धूळ तर पाण्यासोबत वाहून जाते. एवढा हट्ट तिचा नाही.

खरा चोर ओशट आहे! काचेवर तेलकट पदार्थांचा एक पातळ थर बसलेला असतो. येतो कुठून? पुढच्या गाड्यांच्या धुरातून येतो. रस्त्यावर सांडलेलं तेल ओल्या टायरांनी उडतं, त्यातून येतो. गाडीला चकाकी यावी म्हणून लावलेलं पॉलिश ओघळून काचेवर येतं, त्यातूनही येतो.

हे झालं बाहेरचं. पण काच आतूनही ओशट होते! आत ना धूर, ना रस्ता. मग आत हा थर कोण टाकतं? ओळख बघू!

डॅशबोर्ड! हो, स्टिअरिंगच्या पुढची ती प्लॅस्टिकची फळी. प्लॅस्टिक कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात काही तेलकट रसायनं मिसळलेली असतात. गाडी उन्हात तापली, की त्यांचा अगदी थोडा अंश हवेत उडतो आणि काचेवर जाऊन बसतो. नव्याकोऱ्या गाडीला एक खास वास येतो ना? प्लॅस्टिकमधून, गोंदातून हवेत उडणाऱ्या अशाच रसायनांचा असतो तो. म्हणजे गाडी नवी असली, तरी काच आतून धूसर होऊ शकते!

चमचाभर तेल, २० गुंठे तळं

आता एक भन्नाट गोष्ट ऐक. हा ओशट थर किती पातळ असू शकतो?

अडीचशे वर्षांपूर्वी बेंजामिन फ्रँकलिन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ लंडनमध्ये राहत होते. तिथल्या क्लॅपहॅम भागातल्या तळ्यावर वारा सुटला होता, पाण्यावर लाटा उठत होत्या. फ्रँकलिननी त्यात तेल ओतलं. किती? फक्त चहाचा एक चमचा!

तेल पसरत गेलं, पसरत गेलं, आणि जवळजवळ अर्धा एकर पाणी शांत, गुळगुळीत झालं. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे! आपल्याकडे एवढ्या जागेला लोक शेत म्हणतात. १७७४ मध्ये फ्रँकलिन यांचा हा प्रयोग छापून आला.

आता गणित कर. चमचाभर तेल एवढ्या जागेवर पसरलं, तर थराची जाडी किती उरली? एक मिलिमीटर घे. त्याचे दहा लाख सारखे भाग कर. त्यातले फक्त दोन-तीन भाग! तेलाचा थर याहून पातळ होणं जवळजवळ अशक्यच, कारण तेलाचा एकेक कणच साधारण तेवढा उंच असतो.

काचेवरचा थर बहुतेक वेळा याहून जाड असतो. पण पाण्याचं वागणं बदलायला इतका पातळ थरही पुरतो, बरं का!

भांडी घासता घासता विज्ञान

हे कुणी नीट मोजून दाखवलं माहीत आहे? स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका मुलीनं!

तिचं नाव आग्नेस पोकेल्स. जन्म १८६२ चा. ती जर्मनीत ब्राउनश्वाइग गावात राहायची. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेशच नव्हता. आग्नेस घर सांभाळायची, आजारी आईवडिलांची सेवा करायची. आणि भांडी धुताना पाण्याकडे टक लावून बघायची. खरकट्या, ओशट पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ पाण्यापेक्षा वेगळा का वागतो?

मग तिनं स्वतःच एक उपकरण बनवलं. पत्र्याचं पसरट भांडं, काठोकाठ पाणी, आणि पाण्यावरून सरकणारी एक पट्टी. पट्टी सरकवली, की पाण्यावरचा ओशट थर दाबला जायचा किंवा सैल व्हायचा. पाण्याला एक छोटी चकती टेकवायची आणि ती वर उचलायला किती जोर लागतो, ते ताजव्यानं मोजायचं. झाली प्रयोगशाळा!

१८९१ मध्ये तिनं लॉर्ड रॅले नावाच्या मोठ्या इंग्रज शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. रॅले इतके खूश झाले, की त्यांनी ते पत्र ‘नेचर’ या नामवंत विज्ञानपत्रिकेकडे धाडलं. आणि ते छापून आलं! जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तसल्याच भांड्याची सुधारलेली रूपं वापरतात.

पाणी चहाडी करतं

आता तूच एक प्रयोग कर. घरातली एक सपाट काचेची डिश घे. साबणानं घासून स्वच्छ धू. आता बोटाला तेलाचा एक थेंब लाव आणि डिशच्या अर्ध्याच भागावर पुसून टाक. इतकं पुस, की तेल दिसायलाच नको!

डिश तिरकी धर आणि वरून थोडं पाणी सोड. वाक, जवळ जाऊन बघ.

स्वच्छ अर्ध्या भागावर पाणी सपाट पसरलं. सलग, पारदर्शक! काच आहे की नाही, तेच कळत नाही. आणि तेलकट भागावर? पाणी अंग चोरतं! फाटतं, आक्रसतं, आणि त्याचे टपोरे थेंब होतात.

असं का? स्वच्छ काचेला पाणी आवडतं, म्हणून ती त्याला पसरू देते. तेलाला पाणी अजिबात आवडत नाही.

गाडीच्या काचेवर नेमकं हेच होतं! वायपर पाणी ओढून नेतो, पण ओशट जागी चिमुकले थेंब मागे राहतात. त्यांच्याच ओळी म्हणजे तुझे फराटे. प्रत्येक थेंब दिव्याचा उजेड वाकवतो, भलतीकडे फेकतो. हजारो थेंब, हजारो वाकडे किरण! मग डोळे दिपणार नाहीत तर काय?

आणि काय सांगू, कारखान्यांतही ही युक्ती वापरतात. पत्र्याला रंग देण्याआधी त्यावर पाणी सोडून बघतात. पाणी सलग राहिलं तर पत्रा स्वच्छ. फाटलं तर पुन्हा धुवा!

पकडा, पकडा!

मग हा थर काढायचा कसा? नुसतं पाणी चालणार नाही, कारण पाणी तेलाला हातच लावत नाही. इथे हवा भांड्यांचा साबण.

साबणाचा कण इतका बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. पण त्याला एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल!

आता कबड्डीचं मैदान डोळ्यांसमोर आण. तेलाचा थेंब म्हणजे चढाईला आलेला गडी. साबणाचे कण म्हणजे पकड करणारे. एकानं पाय धरला, दुसऱ्यानं कंबर धरली, आणि बघता बघता सगळ्यांनी त्याला घेरलं! सगळ्यांच्या शेपट्या आत तेलात खुपसलेल्या, सगळ्यांची डोकी बाहेर पाण्यात. आता बाहेरून बघणाऱ्या पाण्याला तेल दिसतच नाही. ते आनंदानं सगळा घोळका उचलून नेतं. चढाईवाला बाद!

पुसायची खरी रीत

पण थांब! खेळ इथेच संपत नाही. पकडलेलं तेल काचेवरून *उचलायला* हवं. म्हणून गाडी सावलीत उभी असताना, घरच्या मोठ्या माणसासोबत असं कर:

१. एक तांब्याभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाक. जास्त नको! जास्त साबण काचेवर वाळला, की त्याचेच नवे फराटे उठतात.

२. धूळ आधी साध्या पाण्यानं धुऊन काढ. नाहीतर मातीच्या कणांनी काचेला ओरखडे पडतील.

३. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं काच पूस. फडक्याची घडी घाल आणि दर थोड्या वेळानं नवी बाजू वापर. मळलेली बाजू तेल उचलत नाही, नुसती फिरवते!

४. आता साध्या पाण्यात पिळलेलं दुसरं फडकं फिरव. आणि ओल वाळायच्या आत तिसऱ्या, कोरड्या फडक्यानं काच लख्ख कर. उन्हात पाणी आधीच वाळतं, म्हणून तर सावली हवी.

५. वायपरचं रबरही पूस. काच धुतली आणि रबर ओशटच राहिलं, तर पहिल्याच फेरीत पुन्हा फराटे!

मायक्रोफायबरचं फडकं मिळालं तर उत्तम. त्याचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मधल्या असंख्य फटींत तेल आणि पाणी अडकून बसतं.

एवढं करूनही पांढरे, गोल ठिपके राहिले? मग तो चोर वेगळा! ते तेल नाही, बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत. त्यांना साबण भीक घालत नाही. त्यांना हवं व्हिनेगर! थोडं कापडावर घेऊन काचेवरच लावायचं, गाडीच्या रंगावर नाही. मग पाण्यानं धुवायचं. व्हिनेगर काय करतं ते बघायचं असेल, तर अंड्याच्या टरफलाचा तुकडा त्यात टाक. बुडबुडेच बुडबुडे! टरफलात असतो त्याच जातीचा क्षार त्या ठिपक्यांत असतो.

आत की बाहेर?

आता एक शेवटची, एकदम हुशार युक्ती. काच पुसून झाली, तरी एक फराटा उरलाच. पण तो आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? काच पारदर्शक, मग कळणार कसं?

सोपं आहे! बाहेरून पुसताना हात वर-खाली फिरवायचा. आतून पुसताना डावी-उजवीकडे. उरलेला फराटा उभा दिसला, तर तो बाहेर. आडवा दिसला, तर आत! काच धुणारी मुरलेली माणसं असंच करतात.

तेव्हा येत्या रविवारी घरची गाडी धुवायला निघाली, की तूही फडकं घेऊन जा. शेजारच्यांची रिक्षा असली तरी चालेल. आणि कुणी वैतागून म्हणालं, “हा फराटा काही जाईना!” तर लगेच विचार, “उभा की आडवा?”