सेव्ह न होणारा खेळ

संपादकांनी मागितला होता उपनगरांतल्या सायबर कॅफेंवरचा लेख. डायल-अपची कुरकुर, प्लायवूडची खोपटी, तासाचे पैसे लिहायची वही असं सगळं त्यात यायला हवं होतं. पण मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याच्या मागच्या गल्लीत, काकांच्या जुन्या सायबर कॅफेत शिरलो आणि लेख भलतीकडेच गेला. तिथे आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पॅनकार्डाचे फॉर्म. भिंतीवर मात्र मशिनींचे आकडे अजून आहेत, १ ते ६, ऑइलपेंटने काढलेले. मी पाच नंबरखाली थांबलो.

"आयजीआयवाला ना तू पण?" काका म्हणाले.

'प्रोजेक्ट आयजीआय'. आयजीआय म्हणजे 'आय अॅम गोइंग इन'. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने केला, आयडॉसने २००० साली बाजारात आणला. डेव्हिड जोन्स नावाचा गुप्तहेर, पूर्वीचा ब्रिटिश एसएएस कमांडो. चौदा मोहिमा, जुन्या सोव्हिएत मुलखातले लष्करी तळ, शेवटी अणुबॉम्ब. ही गोष्ट आमच्यातल्या कुणालाच नीट कळली नव्हती. कॅफेतल्या प्रतीत मधले व्हिडिओच नव्हते.

खेळाचं इंजिन याच कंपनीच्या 'जॉइंट स्ट्राइक फायटर' या लढाऊ विमानांच्या खेळातलं. वैमानिकाला दिसावी म्हणून कैक किलोमीटर जमीन उभी करायची त्याची ताकद इथे पायी चालणाऱ्या माणसाला मिळाली. एरवी बंदुकीचे खेळ बहुतेक बोळांत नि खोल्यांत कोंडलेले. इथे कुंपणाबाहेर, टेकडीच्या आडोशाला बसून दुर्बिणीतून अख्खा तळ न्याहाळायचा: मनोऱ्यावर कोण आहे, कॅमेरा किती वळतो, भोंग्याचं बटण कुठल्या भिंतीला. भोंगा वाजला की बराकीतून शिपाई निघतच राहायचे, सव्वासहाची स्लो लोकल फलाटाला लागल्यासारखे.

आणि मोहीम अर्ध्यात असताना सेव्ह करायची सोय नाही. अर्धा तास सरपटत जायचं, शेवटच्या कॉम्प्युटरपाशी पोचता पोचता पाठीत गोळी, की पुन्हा कुंपणाबाहेर. परीक्षकांनी यावर तेव्हाच झोडपलं होतं. २००३ साली दुसरा भाग आला, त्यात मोजके सेव्ह दिले. मला तो भाग कधीच फारसा भावला नाही. जिवाला धाकच उरला नव्हता.

मुलुंडात हा धाक दुप्पट. महापालिका मुंबईची असली तरी मुलुंड-भांडुपची वीज मंडळाची, पुढे महावितरणची; त्यामुळे २००५च्या आसपास भारनियमन आमच्या वाट्याला आलं. घाटकोपरच्या मावसभावाकडे ते नव्हतं; तो यावर मनसोक्त हसायचा. काकांचा यूपीएस फक्त त्यांच्या मशिनीला. लाइट गेली की जोन्स खलास, गोळी न लागता. मग पैसे परत की उरलेली वीस मिनिटं उद्या, यावर काकांशी हुज्जत. ती काकाच जिंकायचे.

म्हणून एकटा कुणी खेळतच नसे. खुर्चीत एक, मागे चौघं उभे, पैसे वर्गणीचे. कुठला शिपाई कधी पाठ फिरवतो हे लक्षात ठेवायचं काम वाटून दिलेलं. माझ्याकडे मनोरे होते. "थांब, थांब... आता!" एवढंच मी सबंध उन्हाळ्याच्या सुट्टीत बोललो असेन. खेळात मल्टिप्लेअर नव्हता म्हणून लोकांनी नावं ठेवली. आमच्याकडे तो खुर्चीच्या मागे होता.

या खेपेला काकांकडे लॅपटॉप मी सोबत नेला होता. खेळ इंटरनेटवरून घरीच उतरवलेला. आधी नुसता काळा पडदा. सुसंगततेचा पर्याय बदलला तेव्हा आवाज आला, चित्र नाही. मग चित्र आलं, पण पडदा रुंद असल्याने जोन्सचा हात भाकरीसारखा थापल्यागत पसरला. माउस जरा हलवला की गडी गर्रकन फिरून आकाशाकडे बघे. त्यात तासभर गेला. दोनदा वाटलं, बॅग भरावी आणि सायबर कॅफेंवरचा लेख लिहून टाकावा. अखेर ते कुंपण दिसलं. मधली जमीन हिरवट करड्या रंगाची, जवळजवळ उघडीबोडकी. आठवणीत तिथे गवत होतं.

आणि मला काहीही आठवेना.

"डावीकडच्या मनोऱ्यावर एक आहे," मागून काका म्हणाले.

होता.

"शिडी नको चढू. खालचा वळू दे आधी."

काका हा खेळ कधी खेळलेच नव्हते. सहा-सात वर्षं गल्ल्यावर बसून वही लिहिताना पोरांच्या खांद्यांवरून जेवढा दिसला, तेवढा. मी ऐकलं नाही, शिडी चढलो. अर्ध्यावर भोंगा वाजला आणि बराकीचं दार उघडलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आधारची झेरॉक्स, पाठपोट. काकांनी ती काढली, सुट्टे दिले, आणि स्टूल ओढत आत आले.

"सरक जरा," ते म्हणाले. "बंदूक कुठल्या बटणाने बदलते?"