पिल्लांची पांढरी हगवण आणि आतड्यातील पहारा

नागझिरा अरण्याच्या काठावरील धानपट्ट्यात परसातल्या चार कोंबड्या म्हणजे अडीअडचणीचा पैसाच होय. पांढरी हगवण शिरली की एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांपैकी बरीच दोन-तीन आठवड्यांत दगावतात. काही मात्र तगतात. दाणा एक, खुराडे एक. मग हा भेद कशाने पडतो?

या भेदाचे एक कारण प्रयोगशाळेतील उंदरांवरून उमगले आहे. लहान आतड्याच्या अस्तरातील बारीक खळग्यांच्या तळाशी पॅनेथ नावाच्या पेशी असतात. डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिने त्या आतड्यात सोडतात. ही प्रथिने जंतूंच्या आवरणाला भोके पाडतात. उंदरांत त्यांना कार्यक्षम करणारे एक विकर असते. ते नसलेले उंदीर साल्मोनेला जंतूंना लवकर बळी पडतात, असे १९९९ साली सिद्ध झाले. पुढे २०११ साली असे आढळले की, प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या 'सी ५७ ब्लॅक ६' या काळ्या उंदरांत क्रिप्टडिन-४ हे अत्यंत प्रभावी डिफेन्सिन मुळी नाहीच. इतर वाणांत ते असते. उंदीर तोच, परंतु वाणागणिक आतड्यातील शस्त्रे निराळी!

कोंबडीत या गटातील डिफेन्सिन नसतात. तिच्यात बीटा-डिफेन्सिनची १४ जनुके आहेत. त्यांतील फरकांचा साल्मोनेलाच्या प्रतिकाराशी संबंध असल्याचे अमेरिकेतील संशोधकांना दिसले आहे. प्रतिकारशक्ती एकाच द्रव्यावर अवलंबून नसते, हेही खरे.

यावरून, 'जी पिल्ले वाचली तीच काटक, त्यांचीच अंडी उबवावी' असा विचार कोणाच्याही मनात येईल. पांढऱ्या हगवणीच्या बाबतीत तो घातक आहे. हा रोगही साल्मोनेलाचाच. वाचलेल्या तलंगेच्या अंडकोशात जंतू दडून राहतात, अंड्यावाटे पुढच्या पिल्लांत उतरतात, आणि ती कोंबडी मात्र धडधाकट दिसते. शेजारणीकडून उबवणीची अंडी आणण्याची चाल चांगली असली, तरी रोग याच वाटेने गावभर फिरतो.

म्हणून उबवणीची अंडी घेण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून कोंबड्यांचे रक्त तपासून घ्यावे. काचेवर रक्ताचा थेंब रंगीत प्रतिजनात मिसळतात. दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्यास कोंबडी रोगवाहक समजावी व तिची अंडी उबवू नयेत. मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता जाळावी किंवा खोल पुरावी. कोणी सांगितले म्हणून दाण्यात प्रतिजैविके मिसळू नयेत. त्यांपैकी कोलिस्टिन जनावरांना व कोंबड्यांना देण्यास केंद्र सरकारने २०१९ साली बंदी केली आहे.