कर्करोगाची खूण आणि टी-पेशींची पकड

'कर्करोगावर रामबाण औषध निघालें' असें वर्तमान अधूनमधून कानीं येतें, आणि ज्या घरांत असा रुग्ण असतो तेथील माणसें दागिने व जमीन विकण्याच्या विचारास लागतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यास ही चिंता नवी नाहीं; भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ सालीं बार्शीसच सुरू झाली. म्हणून या नव्या उपचारांत खरें काय आणि किती, हें प्रत्येक कुटुंबानें समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या रक्तांत दोन मुख्य रक्षक आहेत. पहिला रक्षक म्हणजे प्रतिपिंडें. तीं मोकळीं तरंगतात आणि शत्रूच्या अंगावरील बाहेरची खूण पाहून त्यास धरतात. दुसरा रक्षक म्हणजे टी-पेशी. त्यांच्या पृष्ठभागीं 'ग्राही' नांवाचा रेणु असतो. 'ग्रह्' म्हणजे पकडणें, या धातूवरून आलेलें हें नांव सार्थ आहे. शरीरांतील पेशी आपल्या अंतरंगांतील प्रथिनांचे तुकडे जणूं तबकांत घालून बाहेर मांडतात. ग्राही ते चाचपतो व आंत कांहीं विपरीत असल्यास ओळखतो. हीं तबकें मात्र माणसागणिक निराळीं असतात.

मुंबईची आय. आय. टी. व टाटा मेमोरियल यांनीं सिद्ध केलेल्या 'नेक्सकार-१९' या उपचारांत रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांवर प्रतिपिंडाची पकड बसवितात व त्या परत रक्तांत सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यास मान्यता मिळाली. परंतु ती केवळ बी-पेशींच्या रक्तकर्करोगांपुरती, पंधरा वर्षें व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठीं, आणि इतर उपचार हरल्यावर. ६४ रुग्णांच्या चाचणींत, परिणाम मोजतां आलेल्या ५१ जणांपैकीं ७३ टक्क्यांस गुण आला. दोघे उपचारामुळेंच दगावले. खर्च परदेशांतील खर्चाच्या सुमारें दशांश असला, तरी तो लाखांच्या घरांतच आहे.

ही पकड बाहेरची खूणच धरते. पुष्कळ कर्करोगांची खूण पेशीच्या आंत दडलेली असते. तेथें ग्राहीच हवा. पण तो पेशीच्या आवरणांत रुतलेला असतो, आणि उपटला कीं त्याच्या दोन साखळ्या विस्कटतात. शास्त्रज्ञांनीं आवरणांतील भाग वगळून त्याचें जनुक जंतूंत घातलें, आणि दोन्ही साखळ्या गंधकाच्या एका जादा बंधानें जोडल्या. असा हा विद्राव्य ग्राही, कोणता तुकडा कोणता ग्राही ओळखतो, हें शोधण्यास संशोधकांस उपयोगी पडतो. त्याची पकड वाढवून आणि जवळच्या टी-पेशींस खेचून आणणारा प्रतिपिंडाचा तुकडा त्यास जोडून 'टेबेन्टाफस्प' हें औषध झालें. डोळ्यांतील मेलॅनोमा पसरलेल्या ३७८ रुग्णांच्या चाचणींत हें औषध घेणाऱ्यांपैकीं एक वर्षानंतर ७३ टक्के हयात होते, इतर उपचार घेणाऱ्यांपैकीं ५९ टक्के. जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. मात्र तें एका विशिष्ट जातीचें तबक असणाऱ्यांनाच लागू पडतें.

तात्पर्य, हीं औषधें सर्व कर्करोगांवरचीं नव्हेत. प्रत्येक औषध एकेक खूण ओळखतें. तेव्हां पैशाची जुळवाजुळव करण्यापूर्वीं डॉक्टरांस दोन प्रश्न विचारावे: आमच्या रुग्णाच्या रोगाची खूण कोणती, आणि ती धरणारें औषध आहे काय? उत्तर 'नाहीं' असें आल्यास शस्त्रक्रिया, औषधें व किरणोपचार हे प्रचलित उपाय वेळेवर करण्यांतच शहाणपण आहे. केवळ आशेपायीं राहतें घर विकूं नये.