म्हैसमाळचा माथा आणि आपली शेते

मूग-उडीद घरात आला, कपाशीची शेवटची निंदणी आटोपली, म्हणजे भाद्रपदात कास्तकारास चार दिवसांची उसंत मिळते. देवदर्शन व बाजार यांखेरीज घर सोडण्याचे प्रयोजन आपल्याकडे सहसा मानीत नाहीत. तथापि मराठवाड्यातील प्रत्येक जमीनधारकाने एकदा तरी पायी फिरून पाहावे असे एक शांत डोंगरी गाव आपल्या जवळच आहे. ते खुलताबाद तालुक्यातील म्हैसमाळ होय.

२०२३ च्या आरक्षण आंदोलनामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या अंतरवाली सराटीकडून निघणाऱ्याने वडीगोद्री, पाचोड या मार्गाने छत्रपती संभाजीनगर गाठावे व तेथून दौलताबादवरून खुलताबादेस जावे. खुलताबादेस मलिक अंबराची कबर आहे. १६२६ साली निवर्तलेल्या या पुरुषाने जमिनीची पाहणी करून पिकाच्या मानाने सारा ठरविण्याची रीत घातली, व डोंगरातील झिरपे जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. शेतकऱ्याने तेथे घटकाभर थांबणे उचितच होय. पुढे सुमारे बारा किलोमीटरांचा चढ चढला की म्हैसमाळ लागते.

हे स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० फूट उंच आहे. गिरिजादेवीचे देऊळ, बालाजीचे मंदिर, थोडी वस्ती, आणि भोवती गवताने झाकलेले विस्तीर्ण पठार, एवढाच येथील पसारा. येथे वाहनातून फिरण्यात अर्थ नाही. आम्ही वाहन देवळापाशीच ठेवले आणि कड्याकडेच्या पाऊलवाटांनी फिरलो. पावसाळ्यात या वाटा निसरड्या होतात. म्हणून हातात काठी असावी, कड्याच्या अगदी टोकाशी जाऊ नये, आणि धुके उतरू लागताच मागे फिरावे.

कड्यावरून दिसणारा देखावा रमणीय आहे यात शंका नाही. पण शहरातून आलेला मनुष्य जेथे नुसती हिरवळ पाहतो, तेथे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाण्याचा नकाशाच उलगडतो. या डोंगराच्या एका अंगाने इळगंगा निघते. ती वेरूळच्या लेण्यांपाशी धबधब्याच्या रूपाने खाली पडते, व तिचे पाणी पुढे गोदावरीच्या खोऱ्यातच जाते. तेच खोरे पैठणच्या जायकवाडी धरणात अडविले आहे. १९७६ साली या धरणाचे लोकार्पण झाले, व त्याचा डावा कालवा अंबड तालुक्यातून जातो. दुसऱ्या अंगाने गिरिजा नदी उगम पावते. ती फुलंब्रीकडून जालना जिल्ह्यात शिरून पूर्णेस मिळते, आणि पूर्णा अखेर गोदावरीसच अर्पण होते. म्हणजे एकाच माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी आपल्या मुलखाकडे येतो.

हे पाणी माथ्यावर क्षणभर तरी थांबते कशामुळे, ते आम्ही वाकून पाहिले. काळ्या खडकावर मातीचा थर पातळ आहे. परंतु गवताच्या मुळांनी तो घट्ट धरून ठेवला आहे. गवतातून निघणारा ओहोळ नितळ वाहतो. जेथे वाहनांच्या चाकांनी गवत उखडले गेले, तेथे मात्र तेच पाणी गढूळ होऊन माती घेऊन धावते. हातभर अंतरावर हे दोन्ही प्रकार दिसतात. बांधबंदिस्तीवरील दहा व्याख्यानांनी जे पटणार नाही, ते या एका ओहोळाच्या काठी पटते.

आपल्या शिवारात काय चालले आहे? टेकडीच्या अंगाखांद्यापर्यंत नांगर पोचला, गायरानावरचे गवत गेले, आणि विहिरी फाल्गुनातच तळ दाखवू लागल्या. ज्या जिल्ह्यात पाऊसच सातशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो, तेथे त्याचा एक लोंढाही मातीसह वाहून जाणे परवडणारे नाही. यावर उपाय दूर शोधावयास नको. जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९६ च्या सुमारास माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम हाती घेतले. आधी वरच्या उतारावर चर व बांध, मग खाली ओढ्यावर बंधारे, हा क्रम त्यांनी सोडला नाही. आज ते गाव द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. म्हैसमाळास निसर्गाने जे राखले, ते कडवंचीने कष्टाने उभे केले.

म्हणून आमची सूचना अशी की, वाचकांनी म्हैसमाळास जाताना घरातील तरुण मुलांना व गावच्या चार कर्त्या माणसांना बरोबर न्यावे. परतल्यावर पहिल्याच पावसात आपल्याच शिवाराच्या माथ्यावर उभे राहून, पाणी कोठून निघते व काय घेऊन जाते, हे सर्वांनी मिळून पाहावे. ओहोळ गढूळ दिसला, तर पहिला चर कोठे खणावयाचा हे कोणास विचारावे लागणार नाही.